माहितीपटातला राजा आणि पांडवलेण्यांतला राजा



सुट्टीत मुलं मोबाईलवर इजिप्त, रोम आणि राजेरजवाड्यांचे माहितीपट आवडीने बघतात. बघू द्यावेत. आपल्यातल्या अनेकांना इतिहासाची गोडी १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'भारत एक खोज'नेच लावली. अडचण एवढीच की, पडद्यावर दरबार, लढाई सगळं डोळ्यांसमोर घडतं, निवेदकाचा आवाज ठाम असतो. मग पुरावा कुठे संपला आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे कळत नाही.

सहावीच्या वर्गात सातवाहनांवरची चित्रफीत दाखवली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, तेव्हा कॅमेरा नव्हता. मग हे यांना कसं कळलं?"

याचं उत्तर आपल्या द्वारका चौकातून मुंबईच्या दिशेने थोड्याच अंतरावर आहे. पांडवलेणी म्हणजेच त्रिरश्मी लेणी. नावात पांडव असले तरी ही २४ बौद्ध लेणी आहेत.

लेणी क्रमांक ३ मध्ये ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा वंश संपवला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं वर्णन त्यात येतं. पण हा लेख कोरवून घेतला कोणी? त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. तोही नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. म्हणजे हे एका आईने मुलाचं केलेलं कौतुक आहे. मग ते खोटं का? तसंही नाही. इथे दुसरा पुरावा तपासायचा.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी क्षहरात राजा नहपानाची; पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटवला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचं चलन आपल्या नावे करून घेतलं. आईचं कौतुक आणि नाणी, दोन्ही एकच गोष्ट सांगतात, म्हणून विजयावर विश्वास ठेवता येतो. तीन समुद्रांचं पाणी मात्र कौतुकाची भाषा समजायची.

आता लेणी क्रमांक १०. इथे नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने ३,००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतली २,००० दरमहा १ टक्का व्याजाने. मुलांना वर्षाचं व्याज काढायला सांगा. २४० येतं. लेखात २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायला सांगितली आहेत. २० गुणिले १२, बरोबर २४०! मुद्दल मोडायचं नाही, हेही लेखात आहे. राजाच्या लढाईपेक्षा हा हिशोब मुलांच्या जास्त लक्षात राहतो, कारण तो त्यांनी स्वतः जुळवलेला असतो.

म्हणून माहितीपट संपला की टीव्ही लगेच बंद करू नका. तीन प्रश्न विचारा:

१. हे कशावरून सांगितलं: लेख, नाणं की वास्तू?
२. तो पुरावा कोणी, कोणासाठी तयार केला?
३. दुसरा पुरावा तेच सांगतो का?

मग एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, मुलांना पायऱ्या चढून वर न्या. अक्षरांना हात न लावता बघू द्या. घरी येऊन तोच माहितीपट पुन्हा लावा. या वेळी मुलं मध्येच थांबवून प्रश्न विचारतील, थांबवू द्या.