भाद्रपदातील शेतातले किडे व कोळी

श्रावण सरून भाद्रपद लागला, की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांत सोयाबीन, कापूस व तूर ही पिके भरात येतात. त्याच सुमारास पानापानांवर नाना प्रकारचे किडे व कोळी दिसू लागतात. ते दिसताच फवारणीचा पंप पाठीवर घेतला जातो. परंतु शेतात दिसणारा प्रत्येक जीव पिकाचा शत्रू नसतो.

किड्याला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. म्हणजेच कोळी हा कीटक नव्हे. जाळे विणणारा किंवा पानांवर उड्या मारणारा कोळी पीक खात नाही. तुडतुडे, पतंग व लहान अळ्या हेच त्याचे भक्ष्य होय. पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषणारा अतिसूक्ष्म लाल कोळी मात्र निराळा. नावसाधर्म्यामुळे दोहोंत घोटाळा होऊ देऊ नये.

ठिपक्यांचा ढालकिडा व त्याची काळसर अळी माव्यावर जगतात. क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठांवर उभी असतात. तिची अळीही मावा फस्त करते. हे जीव विषाने मेले, तर किडींना मोकळे रान मिळते.

आता शत्रूंविषयी. चक्रीभुंग्याची मादी सोयाबीनच्या खोडावर किंवा पानाच्या देठावर दोन चक्रे पाडून त्यांमध्ये अंडे घालते व वरचा भाग सुकतो. असा भाग खालच्या चक्राखाली तोडून नष्ट करावा. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजना करावी.

निष्कारण फवारणीत केवळ पैसाच जात नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. फवारणी अटळच असेल, तर तोंडावर फडके, हातांत मोजे व अंगभर कपडे असावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांसह शिवारफेरी काढावी, झाडे निरखावीत व शत्रू-मित्र प्रत्यक्ष दाखवावेत. आधी ओळख, मग मोजणी आणि शेवटी औषध, हाच क्रम हिताचा आहे.