चेपॉकचा वाडा आणि तंजावरचे उभे पीक

राजवाडा पाहावयास जाणारा अभ्यासक सहसा एकटा जात नाही. त्याच्यासोबत कोणी माहीतगार असतो. तो दारे उघडवितो, कोठे थांबावयाचे ते ठरवितो. कोणत्या दालनाविषयी बोलावयाचे आणि कोणते दालन मुकाट्याने ओलांडावयाचे, हेही तोच ठरवितो. म्हणजे वाड्याची फेरी ही एक निवेदनपद्धती आहे. तिला आरंभ आहे, क्रम आहे आणि शेवटही आहे. कोणत्याही निवेदनाप्रमाणे तिच्यातही काही गोष्टी गाळलेल्या असतात. प्रस्तुत लेखात चेन्नईतील चेपॉकच्या वाड्याची अशी एक फेरी मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने करून पाहावयाची आहे. या वाड्यात मराठी शिलालेख नाही, मराठी ग्रंथसंग्रहही नाही. तरीही या वाड्याची कथा तंजावरच्या भोसल्यांच्या कथेवाचून पुरी होत नाही, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

चेपॉकचा वाडा अर्काटचे नबाब महंमद अली वालाजाह यांच्यासाठी १७६८ च्या सुमारास उभा राहिला. नबाबांची राजधानी अर्काट. परंतु त्यांची गादी टिकली ती कंपनीच्या फौजेच्या बळावर. त्यामुळे सेंट जॉर्ज किल्ल्याच्या सावलीत राहणे त्यांना सुरक्षित वाटू लागले. किल्ल्याच्या आतच वाडा बांधण्याचा विचार प्रथम झाला होता. तो तडीस गेला नाही, म्हणून किल्ल्याच्या दक्षिणेस, कूवम नदीपलीकडे, समुद्रासन्मुख जागा निवडण्यात आली. सुमारे ११७ एकरांच्या या आवारास भिंत होती, नगारखान्यासह दरवाजा होता, आत बागा होत्या. चेपॉक या नावाचा संबंध सहा बागांशी जोडणारी एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. तिला पुरावा म्हणून महत्त्व देता येणार नाही. मात्र लोकांच्या स्मरणात हे ठिकाण बागांसाठी राहिले होते, एवढे तिच्यावरून समजते.

फेरीत दाखविल्या जातात त्या मुख्य इमारती दोन. हुमायूं महाल हा दरबाराचा, एकमजली आणि ऐसपैस. खलसा महाल दुमजली, लहान घुमटांचा. दोन्ही इमारती लाल रंगाच्या, विटा-चुन्याच्या; छते मद्रासी गच्चीची, म्हणजे लाकडी तुळयांवर उभ्या विटा बसवून वर चुना घालण्याच्या पद्धतीची. या दोहोंच्या मध्ये १८७० च्या सुमारास रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने मनोरा उभारून त्या एकत्र जोडल्या. माहीतगार येथे थांबून आवर्जून सांगतो की, ज्या शैलीला पुढे ‘इंडो-सारासेनिक’ म्हणू लागले, तिचा उगम पुष्कळजण याच वाड्यात पाहतात. विधान चिंतनीय आहे. पण ते ऐकता ऐकता पाहणाऱ्याची नजर कमानींवर खिळते आणि वाडा कोणाच्या पैशाने उभा राहिला, हा प्रश्न मागे पडतो.

बागा आज नाहीत. त्यांच्या जागेचे काय झाले, हे मात्र नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. १८६५ पासून आवारातील मोकळ्या मैदानावर मद्रास क्रिकेट क्लबाचा खेळ सुरू झाला. आजचे क्रिकेटचे प्रसिद्ध मैदान ते हेच. प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत, मद्रास विद्यापीठाचे १८७९ मध्ये पुरे झालेले सेनेट हाउस आणि सरकारी कचेऱ्या या परिसरात उभ्या राहिल्या. १८८४ मध्ये समुद्रकाठचा मरीना रस्ता झाला. राजाचे उद्यान नाहीसे होऊन त्या जागी शाळा, कचेरी आणि क्रीडांगण यावे, यात हळहळण्याजोगे फारसे काही नाही. तथापि अशा स्थित्यंतरात जमिनीच्या मालकीचा इतिहास पुसला जातो, आणि आपल्या विषयाचा धागा तेथेच आहे.

२

वाडा कोणी बांधला, या प्रश्नाला परंपरेने एकच नाव सांगितले जाते: पॉल बेनफील्ड. तो कंपनीचा नोकर, बांधकामाचा जाणकार व ठेकेदार. त्याने या वाड्याचा आराखडा केला, असे मानतात. परंतु इतिहासात बेनफील्डचे नाव गाजले ते सावकार म्हणून. नबाबांना पैसा नित्य हवा असे: फौजेच्या खर्चासाठी, कंपनीच्या मागण्यांसाठी आणि इतमामासाठी. मद्रासचे गोरे व्यापारी व कंपनीचेच नोकर त्यांना चढ्या व्याजाने कर्ज देत. तारण म्हणून नबाब एकेका प्रांताच्या वसुलाचा तनखा सावकाराच्या नावे लिहून देत. मग सावकाराची माणसे थेट शेतापर्यंत जात. कर्ज राजाचे आणि फेड रयतेची, असा हा व्यवहार होता.

येथे तंजावरचा प्रवेश होतो. कावेरीच्या मुखाकडील हा भातशेतीचा समृद्ध प्रदेश १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसल्यांच्या हाती आला. अठराव्या शतकाच्या मध्यास महंमद अली आणि चंदासाहेब यांच्यात कर्नाटकच्या गादीसाठी झगडा झाला, तेव्हा तंजावरच्या प्रतापसिंहांनी महंमद अलींचा पक्ष घेतला. १७५२ च्या त्रिचनापल्लीच्या वेढ्यात तंजावरची फौज मनोजी या सेनापतीच्या हाताखाली त्यांच्या बाजूने होती. चंदासाहेबांचा शेवटही तंजावरकरांच्या छावणीतच झाला. नबाबीचा पाया घट्ट होण्यात मराठ्यांचा वाटा होता, हे त्यामुळे नाकारता येत नाही.

पुढचे चित्र उलटे आहे. १७६२ च्या करारान्वये तंजावरने नबाबांना वर्षाला चार लाख रुपये खंडणी द्यावी असे ठरले. खंडणी थकली की तगादा आणि तगाद्यामागून फौज येई. १७७१ मध्ये तंजावरला वेढा पडला. सप्टेंबर १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने नबाबांनी शहर घेतले आणि तुळजाजीराजे कैदेत पडले. चेपॉकचा वाडा उभा राहून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. तंजावरचा सुपीक मुलूख हाती येताच नबाबांनी त्याच्या वसुलावर कर्जे काढली आणि धनकोंमध्ये अग्रभागी होता बेनफील्ड.

लंडनच्या संचालकांना हे कृत्य मान्य झाले नाही. त्यांनी लॉर्ड पिगॉट यांना पुन्हा मद्रासचे गव्हर्नर म्हणून पाठविले, आणि एप्रिल १७७६ मध्ये पिगॉट यांनी तुळजाजींना गादीवर पुन्हा बसविले. त्याच वेळी बेनफील्डने आपला दावा पुढे केला. नबाबांकडून एक लक्ष बासष्ट हजार पौंड आणि तंजावरमधील निरनिराळ्या व्यक्तींकडून बहात्तर हजार पौंड आपले येणे आहेत, आणि त्यापोटी तंजावरचा वसूल व उभे पीक आपल्याकडे गहाण आहे, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीच्या एका सामान्य नोकराजवळ एवढी रक्कम कोठून आली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मद्रासच्या कौन्सिलात दोन तट पडले. बहुमतवाल्यांनी ऑगस्ट १७७६ मध्ये खुद्द गव्हर्नरलाच अटक केली. मे १७७७ मध्ये नजरकैदेतच पिगॉट मरण पावले. एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजी ब्रिटिश लोकसभेत नबाबांच्या कर्जांवर जे प्रदीर्घ भाषण केले, त्याचा मुख्य रोख बेनफील्डवर होता. बर्क यांचे ते भाषण इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून आजही अभ्यासले जाते. पण त्याचा विषय एका मराठी राज्यातील उभे पीक हा होता, हे त्याच्या वाचकांच्या क्वचितच ध्यानी राहते.

वाड्याचा प्रत्येक दगड तंजावरच्या पैशाचा होता, असा दावा येथे करावयाचा नाही. वाडा आधीचा आणि तंजावरची जप्ती नंतरची. सांगावयाचे आहे ते इतकेच की, ज्या व्यवहारातून हा दिमाख पोसला गेला, त्याचे ओझे अखेरीस ज्यांनी हा वाडा कधी पाहिला नाही अशा कावेरीकाठच्या कुळांनी वाहिले. आराखडा काढणारा हात आणि पीक गहाण घेणारा हात एकाच माणसाचा मानला जातो. फेरीत त्यातला पहिलाच हात दाखविला जातो.

३

या दोन घराण्यांचा शेवट एकाच महिन्यात व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. ऑक्टोबर १८५५ मध्ये प्रथम नबाब गुलाम गौस खान आणि नंतर तंजावरचे शिवाजीराजे हे दोघेही पुत्रावाचून निवर्तले. डलहौसीच्या कारकिर्दीत याचा परिणाम एकच होता. नबाबी संपली, राज्य खालसा झाले. नबाबीच्या कर्जफेडीसाठी वाडा लिलावास निघाला आणि मद्रास सरकारनेच तो घेतला. कर्जाच्या काळात वाढलेली वास्तू कर्जापायीच गेली.

‘खलसा’ या नावापाशी मराठी वाचक थबकल्यावाचून राहत नाही. फारसी महसुली परिभाषेत या शब्दाचा अर्थ थेट सरकारच्या ताब्यातील जमीन वा वसूल असा आहे. ‘राज्य खालसा होणे’ हा मराठी प्रयोग त्यातूनच आला. महालाच्या नावाची फोड इतर प्रकारेही केली जाते. काहीजण ते घुमटाच्या कळसावरून ‘कलस महाल’ असे घेतात. व्युत्पत्ती कोणतीही असो, मराठी कानाला त्या नावात १८५५ ऐकू येते. अनुवादातून न उतरणारे असे अर्थाचे पदर भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात नोंदवून ठेवण्याजोगे आहेत.

नबाबांच्या दरबाराला वाङ्मयाचे अंग नव्हते असे मात्र कोणी समजू नये. दख्खनी आणि फारसीतील मान्यवर ग्रंथकार बाकर आगाह यांचा वालाजाही दरबाराशी संबंध होता. गुलाम गौस खान हे स्वतः ‘आझम’ या नावाने लिहीत आणि कवींची चरित्रे सांगणारे फारसी तजकिरे त्यांनी रचले. कर्जबाजारी दरबार आणि विद्याप्रेमी दरबार हे एकाच छपराखाली नांदत होते. एकाला झाकून दुसऱ्याची कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मग झाकले जाते ते कर्ज असो वा काव्य.

४

आता तंजावरच्या वाड्याकडे वळू. जो मराठी राजपुत्र पुढे दुसरे सरफोजी म्हणून विख्यात झाला, त्याच्या दत्तकविधानाच्या तंट्यापायी १७९३ मध्ये त्याला मद्रासेस आणण्यात आले आणि काही वर्षे तो तेथे मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली शिकला. चेपॉकला तेव्हा नबाबी नांदत होती. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या कराराने, राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यांच्या हाती उरला तो किल्ला आणि वाडा. ज्याचे राज्य वाड्यापुरते उरले, त्या राजाने वाड्यातच जग उभे केले, हे त्यांच्या सरस्वती महालातील हस्तलिखिते, छापील ग्रंथ व नकाशे पाहताना जाणवते. हा ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

या संदर्भात सरफोजींच्या नावे असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक विशेष महत्त्वाचे ठरते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री, आपण पाहिलेल्या मुलखांचे वर्णन करून मग नायिकेचा हात पाहते. सरफोजींच्या कृतीत ही कुरत्ती पृथ्वीच्या खंडांचे आणि देशांचे भूगोलवर्णन करते. साचा तमिळ, भाषा मराठी आणि विषय युरोपीय विद्येतून आलेला, असा हा त्रिवेणी संगम आहे. आपल्या दृष्टीने त्याहून लक्षवेधक गोष्ट अशी की, येथे जग दाखविण्याचे काम राजाकडे किंवा दरबारी पंडिताकडे दिलेले नसून पायी फिरणाऱ्या स्त्रीकडे दिलेले आहे. तिला वाड्याची भीड नाही. तिने जे पाहिले तेच ती सांगते. वाड्याच्या फेरीसाठी यापेक्षा चांगला माहीतगार कोणता?

याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. हा प्रचंड लेख म्हणजेही एक प्रकारची मार्गदर्शित फेरी होय. वाचकाला भिंतीच्या कडेने चालत जावे लागते आणि चालता चालता घराण्याची कथा उलगडते. येथेही कथा सांगणारा घराण्याचाच माणूस आहे. म्हणून चेपॉकच्या माहीतगाराविषयी जी सावधगिरी बाळगावयाची, तीच तंजावरच्या भिंतीपुढेही बाळगली पाहिजे. मराठी सत्ताही कावेरीकाठच्या कुळांकडून वसूल घेतच होती. तिचे दप्तर वाचताना आपल्या भाषेचा अभिमान आड येता कामा नये.

५

या विवेचनातून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. वाडा हा पाहावयाचा ग्रंथ आहे, पण त्याच्या समासातील मजकूर अन्य ठिकाणी आणि बहुधा अन्य भाषेत लिहिलेला असतो. चेपॉकचा समास मराठीत आहे. कर्नल कॉलिन मॅकेंझी यांच्या संग्रहातील मराठी कागदपत्रे चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहेत, आणि ते ग्रंथालय दीर्घकाळ वाड्याशेजारच्या विद्यापीठ परिसरातच होते. तंजावरची मोडी दप्तरे आहेतच. मोडी वाचणारा, तमिळ जाणणारा आणि फारसी संज्ञांची ओळख असणारा अभ्यासक मात्र दुर्मीळ आहे. एकाच व्यक्तीत हे सारे एकवटण्याची वाट न पाहता तीन भाषांच्या अभ्यासकांनी एका मेजाभोवती बसावे, हाच मार्ग आहे.

त्याची निकड आहे, कारण वास्तू आणि कागद दोन्ही नश्वर आहेत. जानेवारी २०१२ मध्ये खलसा महालास भीषण आग लागली. ती विझविताना अग्निशमन दलातील एकाला प्राण गमवावे लागले. त्यानंतर इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दक्षिणेकडील पीठ तेथे आले. विटा पुन्हा रचता येतात, चुना पुन्हा मळता येतो. न वाचलेला मोडी कागद एकदा झिजला की त्याचा जीर्णोद्धार होत नाही. चेपॉकची फेरी संपवून मरीनाच्या रस्त्यावर येणाऱ्या मराठी अभ्यासकाने सेनेट हाउसकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी हस्तलिखितांचा वाचनकक्ष गाठावा. फेरीतले गाळलेले प्रकरण तेथेच भरून काढावयाचे आहे.