गादी खालसा, दावा कायम!

हवाईची राणी लिलिउओकलानी १८९३ साली पदच्युत झाली आणि दाद मागायला तिने वॉशिंग्टन गाठलं. ईस्टर बेटाचा, म्हणजे रापा नुईचा, शेवटचा राजा रिरो काइंगा रयतेचं गाऱ्हाणं घेऊन चिलीच्या मुख्य भूमीवर गेला. व्हालपाराइसो बंदरातच त्याचा अंत झाला. पॅसिफिकमधल्या या राजांच्या कहाण्या जगभर सांगितल्या जातात. पण त्यांच्या पन्नास वर्षं आधी साताऱ्याच्या गादीचा वकील याच कामासाठी लंडनमध्ये ठाण मांडून बसला होता, हे आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत असतं. म्हणूनच सातारा-सांगलीच्या गाद्यांचे, दावेदारांचे आणि दत्तकांचे हे काही किस्से.

कैदी, राजा, पुन्हा कैदी

छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३चा. १८०८ साली गादीवर आले, पण कारभार सगळा दुसऱ्या बाजीरावाच्या हाती आणि छत्रपती साताऱ्यात नजरकैदेत. २० फेब्रुवारी १८१८ला आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्यांनी छावणीत सोबत ठेवलेले महाराज इंग्रजांच्या ताब्यात आले. दोन महिन्यांत ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९च्या तहात तर लिहूनच दिलं, की हे राज्य महाराजांना आणि त्यांच्या वारसांना कायमचं. पुढची सगळी भांडणं या एका ओळीवरून झाली.

महाराजांना कारभार शिकवायला आलेला तरुण अधिकारी कोण? जेम्स ग्रँट, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ साली निघाला. त्यासाठी त्याला साताऱ्यात बसून जुने कागद चाळायला मिळाले होते.

महाबळेश्वरचा सौदा

महाबळेश्वरच्या पॉइंटांवर फोटो काढणाऱ्यांसाठी: ते थंड हवेचं ठिकाण १८२९ साली प्रतापसिंहांनीच इंग्रजांना दिलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं. गव्हर्नर माल्कमच्या नावाने तिथे माल्कम पेठ वसली. साताऱ्याला यवतेश्वरच्या डोंगरावरून पाणी आणलं तेही याच महाराजांनी. जुना राजवाडा १८२४चा. पुढे त्याच वाड्यात इंग्रजी शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तिच्या पटावर चढलं. शाळेचं आजचं नाव प्रतापसिंह हायस्कूल, आणि ७ नोव्हेंबर हा राज्याचा विद्यार्थी दिवस. महाराजांना स्वतःला लिहिण्यावाचण्याची विलक्षण ओढ होती, रोजनिशी ठेवायची सवय होती. त्यांच्या नावाची शाळा असावी आणि तिने असा विद्यार्थी घडवावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तलवार निघाली, पण पोचली नाही

१८३५ साली कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी प्रतापसिंहांच्या कारभाराची तारीफ करणारं पत्र आणि सोबत मानाची तलवार धाडली. मुंबई सरकारने दोन्ही दाबून ठेवलं. तलवार महाराजांच्या हाती पडलीच नाही. हाती पडले ते आरोप. पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, अशी यादी तयार झाली.

ऑगस्ट १८३९मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. देकार सोपा होता: गुन्हा कबूल करा, सही करा, गादी ठेवा. महाराजांनी सही केली नाही. न केलेला गुन्हा कबूल करून मिळणारं राज्य त्यांना नको होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी रेसिडेंट ओव्हान्सने त्यांना वाड्यातून बाहेर काढलं. पहिला मुक्काम लिंबला. बारा मोटांची विहीर बघायला आज गाड्या भरून माणसं जातात, तेच हे लिंब. तिथून पुढे काशी. १८४७ साली तिथेच महाराज वारले.

लेडनहॉल स्ट्रीटवरचे रंगो बापूजी

आता त्या वकिलाकडे येऊ. रंगो बापूजी गुप्ते हे रोहिडखोऱ्यातल्या प्रभू घराण्यातले. महाराजांचा दावा मांडायला ते लंडनला निघाले तेव्हा आगबोटीचा प्रवासही नवलाचा होता. कंपनीचा एक नियम त्यांनी बरोबर हेरला: भागधारकांना सभा बोलावून संचालकांना जाब विचारता येतो. मग लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीच्या, सभांमध्ये साताऱ्याचा विषय पुन्हा पुन्हा निघू लागला. खासदार जोसेफ ह्यूम, वक्ता जॉर्ज थॉम्पसन आणि पूर्वी साताऱ्यात रेसिडेंट राहिलेला जनरल ब्रिग्ज अशी तोलामोलाची माणसं महाराजांच्या बाजूने उभी राहिली. रंगो बापूजींनी अर्ज लिहिले, पत्रकं छापली, वाटली. पैसे संपले, कर्ज झालं, तरी हटले नाहीत.

मध्येच महाराज गेले. मग राज्यच गेलं. अशिलाच्या मृत्यूनंतरही वकिलाने खटला सोडला नाही! १८५३ साली ते परतीला लागले, तेव्हा लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षं काढून झाली होती. या चिकाटीपुढे लढाईतल्या पराक्रमाच्या कितीतरी गोष्टी मला फिक्या वाटतात. तलवारीच्या गोष्टी आपण मुलांना हजारदा सांगतो. परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्यांच्याच कायद्याने त्यांना चौदा वर्षं बेजार करणाऱ्या या माणसाची गोष्टही सांगायला हवी. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिलाय.

साताऱ्यात परतल्यावर अर्ज-विनंत्यांचा मार्ग संपला होता. १८५७च्या उठावाचा त्यांचा कट उघडकीला आला आणि ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला: कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी मात्र निसटले ते निसटलेच. सरकारने बक्षीस लावूनही ते कधी सापडले नाहीत.

एक गादी, दोन दत्तक

प्रतापसिंहांना काढल्यावर इंग्रजांनी त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. ५ एप्रिल १८४८ला तेही निपुत्रिक गेले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी व्यंकोजीला दत्तक घेतलं होतं. तिकडे काशीला प्रतापसिंहांनी शाहूला दत्तक घेतलेलंच होतं. म्हणजे दावेदार दोन, दोन्ही शास्त्राप्रमाणे दत्तक! रेसिडेंट बार्टल फ्रिअरने दत्तक मानावा असं कळवलं, मुंबईचा गव्हर्नर क्लार्कही त्याच मताचा होता. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दोघांचाही दावा फेटाळला. दत्तक नामंजूर करून त्याने गिळलेलं पहिलं संस्थान सातारा. झाशी आणि नागपूरचा क्रम त्यानंतरचा. १८५७च्या धामधुमीत तर राजघराण्यातल्या मंडळींना साताऱ्यातून उचलून मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर ठेवलं. त्या बेटाला आज जवाहर द्वीप म्हणतात.

तोतयाही होऊन गेला

प्रतापसिंहांचे चुलते चतुरसिंग यांनी पेशव्यांशी उभा दावा मांडला होता. पेशव्यांच्या त्रिंबकजी डेंगळ्याने त्यांना पकडून कांगोरी गडावर डांबलं आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. इकडे ते कैदेत असताना एका गोसाव्याने ‘मीच चतुरसिंग’ म्हणून रामोशांची फौज जमवली आणि थेट प्रचितगड घेतला. चांदोलीच्या जंगलातल्या या गडावर चढून जाणाऱ्यांनी तिथे या तोतयाची आठवण जरूर काढावी.

सांगलीकरांचा बाणा

सांगलीची कथा वेगळ्या वळणाची. मिरजेच्या काकांशी बिनसल्यावर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ साली सांगलीत वेगळी गादी मांडली. पेशवाई गेल्यावर कंपनीने फौजेची चाकरी मागितली. कंपनीची चाकरी करण्यापेक्षा त्यांनी वर्षाला १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला! पुढे १८४६ साली कंपनीने त्यांनाही मानाची तलवार पाठवली. ही मात्र पोचली.

याच आप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो त्यामुळेच. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती काशीत न्यायाची वाट पाहत होते, त्याच दिवसांत सांगलीच्या दरबारात मराठी नाटक जन्माला येत होतं.

वारसाचा पेच सांगलीलाही चुकला नाही. १९०१ साली धुंडिराव तात्यासाहेब निपुत्रिक वारले. डलहौसीचा जमाना सरला होता, त्यामुळे संस्थान वाचलं, पण वारस निवडला सरकारने. १९०३ साली १३ वर्षांचा विनायकराव सांगलीचा राजा झाला आणि नाव मिळालं चिंतामणराव. हाच मुलगा मोठेपणी लंडनच्या गोलमेज परिषदेत जाऊन बसला. पटवर्धनांच्या तासगाव शाखेला मात्र ही सवलत मिळाली नव्हती. साताऱ्याचे आप्पासाहेब गेले त्याच १८४८ साली तासगाव खालसा झालं.

मागितली नाही, दिली

गादीसाठी एवढी झुंज झाली त्याच मुलखात एका राजाने हातची सत्ता आपणहून सोडली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक, स्वतः चित्रकार, यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारणारे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी कारभार गावोगावच्या पंचायतींच्या हाती दिला. या औंध संस्थानात आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडीही होती. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायचं, शेती करू द्यायची, कुटुंबासह राहू द्यायचं, असा प्रयोग तिथे झाला आणि वसाहतीला नाव मिळालं स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. ८ मार्च १९४८ला औंध, सांगली आणि शेजारची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. स्वतंत्रपूर आजही आहे, आणि अजूनही तिथले कैदी शेतावर जातात.