निद्रेपूर्वीची खतावणी

नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या इंदापूर तालुक्यातील आमच्या कळंब गावी तोडणीचा हंगाम जवळ आला, की मुकादमांना दिलेल्या उचलीचे जे हिशेब पूर्वी चोपडीत मांडले जात, ते आता संगणकात मांडले जातात. वीज मात्र पूर्वीसारखीच न सांगता जाते. गतवर्षी असे काही हिशेब मी पेनड्राइव्हवरून घरच्या संगणकात उतरविले, पेनड्राइव्ह रिकामा केला, आणि संगणकाला निद्रावस्थेत ठेवून जेवायला उठलो. तेवढ्यात वीज गेली. ती परतल्यावर पाहतो, तो फायलींची नावे शाबूत होती, परंतु आत एक अक्षरही नव्हते.

याचे कारण असे, की संगणक आपण दिलेला मजकूर लगेच डिस्कवर उतरवीत नाही. कारकून जसा दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत टिपून सवडीने त्यांची खतावणी करतो, तसा तो मजकूर आधी स्मृतीत राहतो, आणि माझ्या संगणकावरील लिनक्स या कार्यप्रणालीच्या सर्वसाधारण शिरस्त्याप्रमाणे सुमारे 30 सेकंद जुना झाल्यावर डिस्कवर रवाना होतो. निद्रावस्थेत डिस्क थांबते, स्मृतीला तेवढा किंचित वीजपुरवठा चालू राहतो, आणि तो तुटला की न उतरलेली टिपणे समूळ नष्ट होतात. म्हणूनच निजण्यापूर्वी सारी शिल्लक टिपणे डिस्कवर उतरवून घ्यावीत, अशी तजवीज लिनक्समध्ये मुळातच आहे.

ही तजवीज बंद करण्याची मुभा 2020 च्या मार्चमध्ये आलेल्या 5.6 या आवृत्तीपासून चालू यंत्रावरही मिळाली. ‘सिस’ विभागातील ‘पॉवर’ या दप्तरात ‘सिंक ऑन सस्पेंड’ नावाची फाइल असते. तिच्यात 1 असेल तर खतावणी होते, 0 लिहिले तर ती टळते. हा बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. मूळ अंक सामान्यतः 1 असतो, परंतु प्रणाली बांधतानाच कोणी खतावणी वगळली असेल तर तो 0 निघतो. मुभा निरर्थक नाही: कूटबद्ध डिस्कची किल्ली निद्रेपूर्वी स्मृतीतून पुसून तिला कुलूप घातले असेल, तर त्यानंतरची खतावणी बंद दारापाशी अडकून बसते आणि यंत्र निजतच नाही. वारंवार निजणाऱ्या आणि स्वतःची बॅटरी बाळगणाऱ्या उपकरणांतही दर वेळची ही खटपट जड वाटते.

माझ्या यंत्रात वेग वाढविण्याच्या हेतूने कोणी तरी हा अंक 0 केला होता, आणि यंत्र होते बॅटरीविना टेबलावरचे. जिथे पुरवठ्याचा भरवसा नाही, तिथे दोन-चार सेकंद वाचविण्यासाठी असा हुकूम देणे मला सर्वथैव अयोग्य वाटते. बाहेरून जोडलेली डिस्क निद्रावस्थेतच कोणी उपसून काढली, तर वीज असूनही हीच हानी होते.

आता तो अंक 1 आहे. उचलीचा हिशेब मात्र मुकादमांकडच्या चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा मांडावा लागला, आणि त्यात दिवाळी सरली.