पर्यायी इतिहास : जपान आणि अर्नाळा
जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहास वळतो. पोर्तुगीजांनी सरंजामी जपान जिंकल्याची कथा रचताना एवढा अल्प बदल पुरणार नाही. त्याचे कारण अर्नाळ्याच्या परिसरात सापडते. १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई प्रांत पोर्तुगीजांना दिला. १५८० मध्ये शत्रूंनी जेरीस आणलेल्या ओमुरा सुमितादाने नागासाकी जेझुइटांच्या हवाली केले. आरंभ सारखाच. परंतु जपान एकछत्री करणाऱ्या हिदेयोशीने दशकभरात नागासाकी काढून घेतले. १५९७ मध्ये वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला तेथेच क्रुसावर चढविले. तेव्हा पर्यायी कथेतून हिदेयोशीच वगळावा लागतो. वसई प्रांतात पोर्तुगीजांना असा प्रतिस्पर्धी भेटेपर्यंत १७३७ उजाडले. त्या वर्षी मराठ्यांनी वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळा बेट घेतले.