पुस्तिका यंत्रातच आहे

'किलऑल' ही आज्ञा लिनक्सवर एक काम करते आणि सोलारिसवर दुसरंच. लिनक्सवर तिला एखाद्या प्रोग्रॅमचं नाव दिलं की त्या नावाने चालू असलेले प्रोग्रॅम तेवढे बंद होतात. सन मायक्रोसिस्टिम्सने घडवलेल्या सोलारिसवर ती आहे यंत्र बंद करतानाच्या वापरासाठी, म्हणजे जे जे चालू आहे ते सगळं थांबवण्यासाठी. लिनक्सला सरावलेल्या माणसाने 'रूट'चे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार घेऊन सोलारिसच्या सर्व्हरवर ती चालवली, तर काय होईल हे सांगायला नको. इतकं टोकाचं नसलेलं, पण रोजच्या वापरातलं उदाहरण 'सेड'चं आहे. फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलण्यासाठी त्याला 'डॅश आय' हा पर्याय देतात. लिनक्सवर त्याच्यापुढे काही लिहिलं नाही तरी चालतं. मॅकवर मात्र जुनी प्रत नावाला कोणतं शेपूट जोडून ठेवायची ते सांगावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरणचिन्ह तरी द्यावं लागतं. इंटरनेटवरून उचललेली ओळ एका यंत्रावर चालते आणि शेजारच्या यंत्रावर चूक झाल्याचा संदेश देते, ती अशी. ती ओळ ज्याने लिहिली त्याच्या यंत्रावर ती बरोबरच होती. म्हणून माझं म्हणणं असं की आज्ञेबद्दलचा पहिला प्रश्न त्याच यंत्राला विचारावा, ज्यावर ती चालवायची आहे. आणि तशी सोय पन्नासहून अधिक वर्षं उपलब्ध आहे.

त्या सोयीचं नाव 'मॅन', मॅन्युअलचं लघुरूप. टर्मिनलवर, म्हणजे चित्रं आणि बटणं नसलेल्या, केवळ टंकून काम करायच्या खिडकीत, 'मॅन' लिहून एक जागा सोडून आज्ञेचं नाव लिहिलं की तिची माहिती पडद्यावर येते. स्पेसबारने पुढचं पान, तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध, 'एन'ने पुढचा सापडलेला शब्द, 'क्यू'ने बाहेर. आज्ञेचं नावच माहीत नसेल तर 'मॅन डॅश के' लिहून विषयाचा इंग्रजी शब्द द्यायचा. जुळणाऱ्या पानांची यादी मिळते. नवख्याला चकवणारी गोष्ट म्हणजे या पुस्तिकेचे क्रमांकित विभाग. पहिल्यात वापरकर्त्याच्या आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीतली फंक्शनं, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात प्रशासकाची हत्यारं. सहावा चक्क खेळांचा. ठरलेल्या वेळी काम आपोआप करून घेणाऱ्या 'क्रॉनटॅब'ची म्हणूनच दोन पानं आहेत. नुसतं 'मॅन क्रॉनटॅब' केलं तर पहिल्या विभागातलं, आज्ञेचं पान उघडतं आणि मिनिट, तास, वार कोणत्या क्रमाने लिहायचे ते तिथे नीट सापडत नाही. ते पाचव्या विभागात आहे. मधे पाचाचा आकडा घालावा लागतो. पुस्तिकेत काहीच नसतं अशी तक्रार करणारे पुष्कळदा चुकीच्या विभागात उभे असतात.

पण यंत्रात आहे एवढ्यावरून ती माहिती विश्वासार्ह कशी ठरते? इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, लिनक्स, मॅक आणि सोलारिस ज्याच्या वळणावर चालतात ते, आणि त्याच्या प्रोग्रॅमर्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या पहिल्या आवृत्तीपासून पानांवर 'बग्ज' नावाचा मथळा आहे: या प्रोग्रॅममध्ये काय बिघडतं, काय अपुरं आहे, ते करणाऱ्यानेच लिहायचं. माल विकणारा कोणता उत्पादक माहितीपत्रकात असा रकाना ठेवील? युनिक्सच्या पुढच्या आवृत्त्यांच्या मॅन्युअलचं संपादन करणारे डग मॅकिलरॉय यांनी सांगून ठेवलं आहे की नवी आवृत्ती छापायची वेळ आली की सगळ्यांची धांदल उडे. कागदावर उतरवायला लाज वाटावी असं काही समोर आलं की लोक ते लिहिण्याऐवजी प्रोग्रॅमच दुरुस्त करत. वर्णन करता येईल असं बनवायचं, हा दबाव त्या पुस्तिकेने टाकला. ती शिस्त सगळीकडे टिकली असं मी म्हणणार नाही, पण खुणा आहेत. टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या, लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'बॅश'च्या पानावर त्याच मथळ्याखाली, हा प्रोग्रॅम फार मोठा आणि फार संथ आहे, अशी कबुली त्याच्या कर्त्यांनीच देऊन ठेवली आहे.

यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप असा की ही पानं वाचवत नाहीत. खरं आहे. पर्यायांची लांबच लांब यादी आणि उदाहरणं नावाला, हा अनेक पानांचा दोष आहे. नेहमीच्या वापराची चार-पाच उदाहरणं देणारा 'टीएलडीआर' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प त्या उणिवेतूनच उभा राहिला, आणि तो जरूर वापरावा. मात्र मॅनचं पान धड्यासारखं वरून खाली वाचायला गेलं की निराशा ठरलेली. ते शब्दकोशासारखं उघडायचं असतं, एक शंका घेऊन. वरच्या 'सिनॉप्सिस'मध्ये चौकोनी कंसातलं ऐच्छिक, तीन टिंबं असतील तर तो भाग पुन्हा देता येतो, एवढ्या दोन खुणा कळल्या तरी निम्मं पान उलगडतं. आणि उदाहरणांत जे निसटतं ते याच कोरड्या मजकुरात असतं. 'आरसिंक'ने फोल्डरची नक्कल करताना मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर केवळ आतला माल जातो, न दिली तर फोल्डरसकट जातो. तयार ओळ चिकटवणाऱ्याला ती रेघ शोभेची वाटते. पान वाचणाऱ्याला तिचा अर्थ कळतो.

आता तर विचारलं की एआय चॅटबॉट मराठीतही उत्तर देतो, मग हा खटाटोप कशाला? भाषेचा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. फ्रेंच, जर्मन, जपानी वाचकाला यातली बरीच पानं आपल्या भाषेत मिळतात, मराठी वाचकाला मिळत नाहीत, आणि त्यातलं इंग्रजी शाळेतल्या इंग्रजीहून निराळं आहे. तेव्हा पानाचा अर्थ चॅटबॉटकडून मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही. पण समोर पान ठेवून. नुसत्या आठवणीवर बोलणारा चॅटबॉट न अस्तित्वात असलेला पर्यायही आत्मविश्वासाने सुचवतो, आणि तुमच्या यंत्रावर मॅकचा 'सेड' आहे की लिनक्सचा, हे सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही. मॅनची पानं बहुधा प्रोग्रॅमबरोबरच बसवली जातात, त्यामुळे आवृत्तीचा मेळ सहसा आपसूक बसतो. त्याला अपवाद आहेत. काही पानं जुनी राहून जातात. लिनक्सवरच्या अनेक आज्ञा लिहिणाऱ्या जीएनयू प्रकल्पाच्या मंडळींनी सविस्तर माहिती 'इन्फो' या वेगळ्या व्यवस्थेत ठेवली, हा माझ्या मते वाचकावर अन्यायच झाला. प्रोग्रॅम त्याच्या साहित्यासकट बंदिस्त करून चालवणाऱ्या डॉकरसाठी बनवलेल्या आटोपशीर प्रतिमांमधून तर जागा वाचवायला ही पानं पुष्कळदा काढूनच टाकलेली असतात. तिथे आज्ञेपुढे 'डॅश डॅश हेल्प' लावून तिच्याचकडून त्रोटक माहिती घ्यावी, किंवा उबुंटू लिनक्सवर 'अनमिनिमाइझ' चालवून काढलेली पानं परत बसवावीत.