स्फटिक रेडिओ संच : कार्यतत्त्व, संग्रह व उपयोग (छत्रपती संभाजीनगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाशवाणी सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे कार्य ज्या साधनांनी केले, त्यांत स्फटिक रेडिओ संचाचे स्थान अग्रगण्य आहे. वीज नाही, घट नाही, झडपा नाहीत. केवळ तारेचे वेटोळे, एक खनिज आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर हा संच चालतो. आज हे संच संग्राह्य वस्तू ठरले आहेत. तथापि ज्या मध्यम लहरींवरील प्रक्षेपणावर त्यांचे कार्य अवलंबून असते, तेच प्रक्षेपण देशभर आक्रसत आहे. त्यामुळे संच जतन झाला तरी त्याचा उपयोग टिकेल काय, असा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

1. स्फटिक रेडिओ संचाचे कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
2. मराठवाड्याच्या संदर्भात या संचाच्या मर्यादा समजून घेणे.
3. संग्रह, जतन व शैक्षणिक उपयोग यांविषयी व्यवहार्य दिशा सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

काही धातूंच्या सल्फाइडांमधून विद्युत्प्रवाह एका दिशेने अधिक सुलभतेने वाहतो, हे फर्डिनंड ब्राउन यांनी 1874 मध्ये दाखवून दिले. या गुणधर्माचा विद्युत्चुंबकीय लहरी टिपण्यासाठी उपयोग करण्याचे श्रेय मुख्यत्वे आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्याकडे जाते. गॅलेना या खनिजावर आधारित शोधकासाठी त्यांनी 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज केला व 1904 मध्ये त्यांना एकस्व प्राप्त झाले. पुढे 1906 मध्ये पिकार्ड यांचा सिलिकॉनचा व डनवुडी यांचा कार्बोरंडमचा शोधक पुढे आला.

भारतात 1923 मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी स्वरूपात प्रक्षेपण सुरू केले. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी 1.5 किलोवॅट होती व त्याचा परिणामकारक पल्ला सुमारे 48 किलोमीटर मानला जात असे. मुंबई व औरंगाबाद यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे 280 किलोमीटर, तर हैदराबादचे सुमारे 430 किलोमीटर आहे. स्फटिक संचात विवर्धनाची सोय नसल्याने मुंबईच्या श्रोत्याला सुलभ असलेला हा संच त्या काळी मराठवाड्यातील श्रोत्याला जवळजवळ निरुपयोगी होता. स्फटिक संच हे स्थानिक केंद्राचे साधन आहे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

हैदराबाद संस्थानात हैदराबादबरोबरच औरंगाबाद येथेही रेडिओ केंद्र होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील ज्या मोजक्या संस्थानी केंद्रांचा उल्लेख होतो, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा व हैदराबाद यांच्यासोबत औरंगाबादचे नाव येते. 1950 मध्ये हे केंद्र आकाशवाणीकडे आले. शहरातच प्रक्षेपण होऊ लागल्यानंतर स्फटिक संचाला आवश्यक असलेली प्राथमिक अट येथे प्रथमच पूर्ण झाली.

संचाचे कार्यतत्त्व :

संचाचे पाच घटक असतात : एरियल, भूसंपर्क तार, मेळ साधणारे मंडल, शोधक व हेडफोन. एरियलमध्ये अनेक केंद्रांच्या लहरींमुळे सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात. त्यांतून हव्या त्या केंद्राची निवड वेटोळे व धारित्र यांच्या मंडलाद्वारे केली जाते. उदाहरणार्थ, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व 200 मायक्रोहेन्री असून धारित्र 365 पिकोफॅरडवर ठेवल्यास मंडलाची कंप्रता सुमारे 589 किलोहर्ट्झ येते. धारित्र 50 पिकोफॅरडपर्यंत कमी केल्यास ती सुमारे 1592 किलोहर्ट्झ होते. म्हणजे एकाच गुंडीने मध्यम लहरींचा जवळजवळ संपूर्ण पट्टा फिरता येतो.

निवडलेली लहर अतिशय वेगाने उलटसुलट होत असल्याने ती जशीच्या तशी हेडफोनला दिल्यास काहीच ऐकू येत नाही. गॅलेनाच्या पृष्ठभागावर बारीक तारेचे टोक अलगद टेकविले की त्या बिंदूपाशी प्रवाह प्रामुख्याने एकाच दिशेने वाहतो आणि लहरीवर आरूढ झालेला ध्वनी वेगळा होतो. मांजराच्या मिशीसारखी दिसणारी ही तार 'कॅट्स व्हिस्कर' या नावाने ओळखली जाते. खड्याचा प्रत्येक बिंदू सारखा संवेदनशील नसल्याने योग्य जागा हाताने शोधावी लागते. पुढे जर्मेनियम डायोडने हा खटाटोप संपविला. जर्मेनियम डायोड 0.2 ते 0.3 व्होल्टला, तर सिलिकॉन डायोड सुमारे 0.6 व्होल्टला वाहू लागतो. म्हणूनच दुर्बल संकेतासाठी ओए 79 सारखे जर्मेनियम डायोड पसंत केले जात.

स्थानिक खनिजे व गैरसमज :

अजिंठा परिसरात पर्यटकांना विकले जाणारे ॲपोफिलाइट, स्टिलबाइट यांसारखे स्फटिक दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील पोकळ्यांमध्ये तयार झालेले असतात. 'स्फटिक रेडिओ' या नावामुळे असा कोणताही खडा उपयोगी पडेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ही खनिजे विद्युत्रोधक आहेत. त्यांच्याद्वारे संच चालत नाही. गॅलेना ओळखण्याची सोपी खूण म्हणजे धातूसारखी चकाकी, घनाकृती तुकडे पडणे आणि हाताला जाणवणारे वजन. त्याची सापेक्ष घनता सुमारे 7.5, तर वरील खनिजांची 2.2 ते 2.4 असते. बाजारातील सुरम्याच्या अनेक नमुन्यांत गॅलेनाच आढळले आहे. मात्र ते शिशाचे संयुग असल्याने विषारी आहे; हाताळणीनंतर हात स्वच्छ धुणे व त्याची पूड न करणे आवश्यक ठरते.

संग्रह व जतन :

संच घेताना पुढील बाबी तपासणे इष्ट असते. पहिली बाब, हेडफोन उच्च रोधाचे, म्हणजे सुमारे 2000 ते 4000 ओहमचे आहेत काय; आजचे 32 ओहमचे हेडफोन थेट जोडल्यास काम देत नाहीत. दुसरी बाब, वेटोळे अखंड आहे काय. तिसरी बाब, निर्मात्याची खूण. 1922 नंतरच्या आरंभीच्या काही वर्षांतील ब्रिटिश संचांवर बीबीसीचा शिक्का व नोंदणी क्रमांक आढळतो. एबोनाइटचा काळा रंग उन्हाने तपकिरी पडतो. मराठवाड्यातील उन्हाळा लक्षात घेता संच बंद कपाटात ठेवणे योग्य. खड्याला बोटांचा स्पर्श टाळावा. तो स्पिरिटने व मऊ कुंचल्याने पुसावा. मूळ तार, लाकूड व पॉलिश शक्यतो बदलू नये.

एक कायदेशीर बाबही महत्त्वाची आहे. पुरावशेष व कलासंपत्ती अधिनियम, 1972 नुसार गतकाळातील विज्ञानाची साक्ष देणारी, किमान 100 वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते व तिच्या निर्यातीवर निर्बंध येतात. 1920 च्या दशकातील संच आता ही मर्यादा ओलांडू लागले आहेत.

उपयोगाचा प्रश्न :

प्रसार भारतीने मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आहेत. एफ. एम. अथवा डिजिटल प्रक्षेपण स्फटिक संचाला सहजासहजी उलगडता येत नाही. अशा स्थितीत महाविद्यालयीन भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत संकेतजनित्राचा क्षीण, विरूपित संकेत तारेने थेट संचाला देणे हा सोपा पर्याय आहे. त्यामुळे संच बोलता राहतो आणि अनुनाद, एकदिशीकरण व रोधमेळ या संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभवता येतात. बाहेर एरियल उभारावयाचे झाल्यास ते वीजवाहिन्यांपासून दूर असावे व वादळाच्या वेळी ते संचापासून विलग करून भूसंपर्कित ठेवावे.

समारोप :

स्फटिक संच हा आधुनिक अर्धवाहक तंत्रज्ञानाचा पूर्वज आहे. त्याचे मूल्य लाकडी पेटीत जितके आहे, तितकेच खड्यावर योग्य बिंदू शोधण्याच्या कौशल्यात आहे. पेटी कपाटात सुरक्षित राहू शकते. कौशल्य मात्र वापरातूनच टिकते. म्हणून संग्राहक व महाविद्यालये यांनी एकत्र येऊन चालू स्थितीतील संच विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हाच त्याच्या जतनाचा अधिक परिपूर्ण मार्ग होय.